उमेद आणि उसनवारी

जबलपूरच्या नेपियर टाउन या वस्तीत मी एका सत्रापुरती राहावयास गेले, तेव्हा माझ्यासोबत पुस्तकांच्या दोन पेट्या होत्या आणि त्यांतील एकही पुस्तक मला सलग दहा मिनिटे वाचता येत नव्हते. ही गोष्ट मी तेथे कोणासही सांगितली नव्हती. अभ्यागत प्राध्यापिका म्हणून बोलावलेल्या बाईने आपल्याला वाचता येत नाही असे सांगणे म्हणजे गवयाने गळा गेल्याचे भर बैठकीत जाहीर करण्यासारखे आहे, असे मला वाटे.

त्याआधीच्या वर्षी माझ्या उजव्या डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. लहानपणापासून जाड भिंगांचा चष्मा वापरणाऱ्यांना हा धोका इतरांहून अधिक असतो, हे मला पुढे कळले. एका सकाळी नजरेच्या कोपऱ्यात काळी सावली दिसली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ती नाटकाच्या पडद्यासारखी निम्म्यावर उतरली. शस्त्रक्रिया झाली. अशा वेळी डोळ्यात वायूचा बुडबुडा भरतात. तो वर चढू पाहतो आणि चढताना सुटलेला पडदा मागे दाबून धरतो. म्हणून रोग्याने दिवसरात्र मान खाली घालून राहावयाचे असते. मी दहा दिवस तशी राहिले. घरातल्या फरशीचा नकाशा मला अजून पाठ आहे. पडदा जागेवर बसला. परंतु त्या डोळ्याला ओळी वाकड्या दिसू लागल्या, शब्द मध्येच खचल्यासारखे वाटू लागले. डावा डोळा मुळातच अधू. त्याच्यावर वाचनाचे ओझे टाकले की पाऊण पानात तो पाणावे.

भेटीला येणाऱ्या स्नेह्यांनी मला धीर दिला तो एकाच शब्दात : सकारात्मक राहा. सकारात्मक विचारांवरची तीन पुस्तके मला भेट म्हणून मिळाली. ती वाचता येत नव्हती, यातला विनोद तेव्हा माझ्या ध्यानात आला नाही. ध्यानात आली ती त्या शब्दामागची धमकी. डोळा बिघडला तो माझ्या दोषाने नव्हे, हे सर्वांना मान्य होते. पण आता मन बिघडले तर तो दोष मात्र माझा ठरणार होता. डोळ्याची परीक्षा चालूच होती, तिच्या जोडीला मनाचीही सुरू झाली. येणाऱ्यापुढे हसतमुखाने बसावयाचे, आणि तो गेला की दार लावून घ्यावयाचे, असा माझा क्रम झाला.

हा 'सकारात्मक' शब्द आपल्या भाषेत अलीकडचा. जुन्या बोलण्यात त्याच्या जागी धीर होता, उभारी होती, हिंमत होती आणि उमेद होती. यांपैकी उमेद हा शब्द फारसीतून आला. तोच हिंदीत 'उम्मीद' झाला. पण एकाच घरातून निघालेले हे दोन शब्द दोन गावी नांदताना किती वेगळे झाले, हे तौलनिक अभ्यास करणाऱ्याने पाहण्यासारखे आहे. हिंदीतली उम्मीद कशाची तरी असते, कुणाकडून तरी असते. तिला पुढे काहीतरी मिळावयाचे असते. मराठीतल्या उमेदीला असे कर्म लागत नाही. 'उमेदीची वर्षे' म्हणताना आपण अंगातल्या जोमाविषयी बोलत असतो, पदरात काय पडणार याविषयी नव्हे. 'त्याने उमेद सोडली नाही' या वाक्यात त्याला काय मिळणार होते हे सांगावे लागत नाही. मला जे सुचवले जात होते ती उम्मीद होती : डोळा सुधारेल असे मान. माझे जे हरवले होते ती उमेद होती.

जबलपूरला मराठी माणूस नवा नाही. १७९८ पासून १८१७ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. पुढे इंग्रजी अमदानीत मध्य प्रांताच्या नोकऱ्यांनी आणखी कुटुंबे येथे आणली. आणि १९५६ साली नवा मध्य प्रदेश होऊन विदर्भ वेगळा निघाल्यावरही ती येथेच राहिली. मी ज्यांच्याकडे भाड्याने राहिले त्या काकू अशाच एका घराच्या तिसऱ्या पिढीतल्या. शाळेतून निवृत्त होऊनही त्यांना बरीच वर्षे झाली होती. यजमान गेलेले, मुले बाहेरगावी. त्यांच्या मराठीला हिंदीचे अस्तर होते. मी काही अडचण सांगितली की त्या म्हणत, "चिंता नका करू ताई, होऊन जाईल." आपण 'होईल' म्हणतो, 'होऊन जाईल' हे सरळ 'हो जाएगा' वरून आलेले. नळाला पाणी नाही, होऊन जाईल. स्वयंपाकाला बाई मिळत नाही, होऊन जाईल. पहिल्या महिन्यात त्या दोन शब्दांचा मला फार राग येत असे. सकारात्मकतेने माझा पिच्छा येथवर पुरवला, असेच मला वाटले.

आमचा अभ्यासविषय होता आत्मकथन आणि विनोद. मराठीतून मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घेतली होती आणि हिंदीतून हरिशंकर परसाई यांचा 'गर्दिश के दिन' हा आत्मपर लेख. परसाईंची निवड करताना ते जबलपूरचे, एवढेच मनात होते. ते याच नेपियर टाउनमध्ये राहत असत, हे मला काकूंनी सांगितले. येथेच त्यांनी आपले बहुतेक लेखन केले. त्यांच्या लिखाणाने चिडलेल्या काही जणांनी १९७३ साली घरात शिरून त्यांना मारहाण केली, आणि परसाईंनी त्या मार खाण्यावरही एक विनोदी लेख लिहिला. पुढे त्यांचा पाय मोडला. अखेरची वर्षे त्यांनी बरीचशी अंथरुणावर काढली आणि १९९५ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. मोडक्या पायाच्या माणसाच्या लोक अधिकच भक्तिभावाने पाया पडू लागले, हे पाहून त्यांनी 'विकलांग श्रद्धा का दौर' लिहिले. त्याच नावाच्या संग्रहास १९८२ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले.

संध्याकाळी मी भंवरताल बागेत फिरावयास जाई. वाचनाची वेळ रिकामी झाली होती, ती कोठेतरी घालवावयाची होती. त्या बागेत एका मौलश्रीच्या, म्हणजे आपल्या बकुळीच्या, झाडाखाली १९५३ सालच्या मार्चमध्ये रजनीश नावाच्या तरुण विद्यार्थ्यास साक्षात्कार झाला, असे त्यांचे अनुयायी मानतात. त्या झाडाखाली देशोदेशींची माणसे डोळे मिटून बसतात. मीही एकदा बसून पाहिले. डोळे मिटण्याचा सराव मला भरपूर झाला होता; पण मिटलेल्या डोळ्यांआड मला केवळ मीच भेटले, आणि माझा सहवास त्या दिवसांत फारसा सुखाचा नव्हता.

वर्गात मी एक लबाडी करीत असे. जो उतारा शिकवावयाचा तो पाठ करून जाई आणि पुस्तक हातात धरून वाचल्यासारखे करी. 'स्मृतिचित्रे' वर्षानुवर्षे शिकवल्यामुळे हे जमूनही गेले. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेले हे पुस्तक आपल्या वाचकांना मी नव्याने सांगण्याची गरज नाही. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळक ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात दुभंगला. पुढची वर्षे त्यांनी नवऱ्याविना, आप्तांच्या आश्रयाने, लोकांच्या नजरा झेलीत काढली. हे सारे त्या सांगतात, आणि त्यांच्या सांगण्यात आपण हसत असतो. हसता हसता एकाएकी थांबतो, कारण आपण कशाला हसत होतो हे तेव्हा कळते. विद्यार्थ्यांनी विचारले, इतके सोसून बाईंना हसू कसे येते? मी तेव्हा जे उत्तर दिले ते पुस्तकी होते. म्हटले, काळाचे अंतर पडल्यावर दुःखाचे रूप बदलते. वर्गाने ते लिहून घेतले.

'गर्दिश के दिन' मात्र मला तितके पाठ नव्हते. गर्दिश म्हणजे फिरणे, आकाशातल्या ग्रहांचे फिरणे. मराठीत आपण 'दिवस फिरले' म्हणतो त्याचेच हे भावंड. १९३६-३७ च्या सुमाराची, प्लेगच्या साथीची आठवण त्या लेखात आहे. वस्ती ओस पडलेली, सारे लोक रानात झोपड्या बांधून राहावयास गेलेले, आणि आई आजारी म्हणून हे एक कुटुंब घरातच थांबलेले. रात्री सारी मिळून आरती म्हणत आणि म्हणता म्हणता वडिलांना हुंदका आवरत नसे. अशा रात्रींतच आई गेली. पाच भावंडांत मरण म्हणजे काय हे कळण्याइतका मोठा तोच एक मुलगा. आणि मग वडील खचत गेले.

हा उतारा मी वर्गात वाचीत होते. एका ओळीवर शब्द खचले, पुढचे आठवेना, आणि मी भलताच शब्द वाचला. वाक्याला अर्थ उरला नाही. मी पुन्हा वाचले, पुन्हा तेच. वर्ग स्तब्ध झाला. तेव्हा पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली, माझ्या हातातले पुस्तक तिने हळूच काढून घेतले आणि जेथे मी अडले होते तेथून पुढे वाचावयास लागली. तिने काही विचारले नाही. वाचन मात्र सुरेख करीत होती. त्या भागातली हिंदी तिच्या घरची होती.

मला तिचे आभार मानावेसे वाटले, असे मी येथे लिहिले तर ते खोटे ठरेल. मला अतिशय संताप आला. तास संपेतो मी खिडकीकडे पाहत राहिले. परंतु डोळे मोकळे असल्यामुळे कान उघडे होते, आणि कधी नव्हे तो मी तो लेख केवळ ऐकला.

त्या लेखात परसाई म्हणतात की पडत्या काळाने त्यांना काही विद्या शिकवल्या. एक विद्या विनातिकीट प्रवास करण्याची. दुसरी, निःसंकोच उसने मागण्याची. आणि तिसरी बेफिकिरीची. ही तिसरी विद्या त्यांनी आपल्या एका आत्याकडून घेतली. आत्या दरिद्री. सून येऊन सांगे की घरात डाळ नाही, भाजी नाही. आत्या म्हणे, काळजी नको. मग ती आळीतून चालत निघे. कोणाच्या छपरावर दोडक्याचा वेल दिसला की घरच्या आपल्या वयाच्या मालकिणीला हाक मारून वेलाची तारीफ करी, दोन दोडके मागे आणि स्वतःच तोडूनही घेई. घरी येऊन सुनेला सांगे, कर भाजी, पाणी जरा जास्त घाल.

मी हा प्रसंग यापूर्वी अनेकदा वाचला होता आणि त्यावर लिहिलेही होते. आत्याच्या ठिकाणी मला आजवर दिसला तो तिचा स्वभाव : आनंदी, चिवट, बेफिकीर. त्या दिवशी ऐकताना प्रथमच लक्षात आले की 'काळजी नको' म्हणून आत्या घरात बसून राहत नाही. ती बाहेर पडते. तिचा निर्धास्तपणा तिच्या डोक्यात नाही, तो आळीत आहे. छपरावर वेल आहे, घरात मैत्रीण आहे, आणि मागितले तर ती नाही म्हणणार नाही, हे तिला ठाऊक आहे. आणि भाजी दोनच दोडक्यांची आहे हेही तिला ठाऊक आहे. म्हणून तर ती पाणी वाढवावयास सांगते. आहे ते नाही असे ती म्हणत नाही, आणि नाही ते आहे असेही म्हणत नाही. या लेखाचा रोख शेवटी ज्या बाजूस वळतो त्याचे बीज मला या आत्यात दिसू लागले. माणसाने स्वतःमधून बाहेर पडावे, इतरांत मिसळावे, पाहावे आणि हसावे, असे परसाई स्वतःला बजावतात. आणि आपले वेगळेपण यात हरवत नाही, असाही निर्वाळा देतात. विद्यार्थ्यांना मी लक्ष्मीबाईंविषयी दिलेले उत्तर चुकीचे होते. अंतर काळाचे नव्हते. दोघांच्याही कथनात दुःख आहे तेवढेच आहे. फक्त त्याच्या भोवती माणसे फार आहेत.

त्या संध्याकाळी बागेत न जाता मी काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले आणि डोळ्याची सारी हकीकत त्यांना सांगितली. त्यांनी सुस्कारा टाकला नाही. म्हणाल्या, "सत्त्याण्णवचा भूकंप तुम्हाला माहीत असेल." २२ मे १९९७ च्या पहाटे, लोक झोपेत असताना, जबलपूरला मोठा धक्का बसला, सुमारे चाळीस माणसे गेली, हजारो घरांना तडे गेले. काकूंच्या घराची मागची भिंत तेव्हा उभी फाटली. कितीतरी रात्री आळीतली सारी कुटुंबे अंगणात आणि रस्त्यावर झोपली. "मी तर फार भ्याले होते," काकू म्हणाल्या. "आत पाऊल टाकवत नव्हतं. पण चूल बाहेर मांडली. पीठ शेजारच्या घरचं, तवा आमचा, लाकडं कुणाची कोण जाणे. लाटायला मला बसवलं. भीती काय, लाटता लाटताही वाटतेच. पण पोळ्या होऊन जातात."

मी विचारले, "आणि ते 'होऊन जाईल' म्हणता ते?"

त्या हसल्या. "एकटीचं थोडंच होतं, ताई? मी म्हणते, होऊन जाईल. करायला कोणीतरी येईल, असं."

येथे एका प्रश्नाला उत्तर देणे मला भाग आहे, कारण जाणता वाचक तो विचारील. ज्यांना ही हसण्याची विद्या साधत नाही त्यांचे काय? नेपियर टाउनच्या या लेखकाचा एक जिवलग मित्र होता, गजानन माधव मुक्तिबोध. घर मराठी, लेखन हिंदी. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतले नामवंत कवी आणि कादंबरीकार. परसाईंनी जबलपुरातून १९५६ साली 'वसुधा' मासिक काढले, त्यात मुक्तिबोधांची साहित्यविषयक दैनंदिनी येत असे. मुक्तिबोधांचा पिंड परसाईंच्या अगदी उलट. चिंता, संशय, भय, रात्रीची जाग्रणे. १९६२ साली मध्य प्रदेश सरकारने त्यांच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकावर बंदी घातली तो घाव त्यांना सोसला नाही. १९६४ च्या आरंभी पक्षाघाताने ते कोसळले, आणि ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. या माणसाला कोणी सकारात्मक राहण्याचा उपदेश केला असता, तर तो क्रूरपणा झाला असता. त्याच्या भयातूनच त्याची कविता आली होती.

पण त्या महिन्यांत जे घडले ते विसरता येत नाही. परसाईंसारखे मित्र आणि तरुण लेखक धावून आले. राजनांदगावहून भोपाळ आणि भोपाळहून दिल्ली असा त्यांचा उपचारांचा प्रवास झाला. त्यासाठी लेखकांनी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींपर्यंत जाऊन शब्द टाकला. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा मुक्तिबोधांचा पहिला कवितासंग्रह मित्रांनी सिद्ध केला. तो छापून आलेला पाहणे कवीच्या नशिबी नव्हते. मुक्तिबोधांपाशी ती उमेद उरली नव्हती, ती काही काळ इतरांनी वाहिली. रोगाने तरीही त्यांना नेले. उमेद जिंकते, असा दाखला मला येथे द्यावयाचा नाही. ती प्रत्येकाने आपापल्या घरी पिकवलीच पाहिजे, नाही पिकली तर तो त्याचा दोष, ही समजूत खोटी आहे, एवढेच मला म्हणावयाचे आहे. पीठ उसने मिळते तशी ती उसनी मिळते. आणि उसने मागावयास जो लाजतो तो उपाशी राहतो.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला सांगून टाकले. आजवर पाठ करून येत होते, हेही सांगितले. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आम्हाला माहीत होतं. तुम्ही पान उलटायला विसरत होता." सारा वर्ग हसला, आणि माझाही नाइलाज झाला.

आपल्याकडे पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असा आठवडा सात घरांत वाटलेला असे. कित्येक विद्वान त्या सात घरांच्या अन्नावर वाढले. त्या विद्यार्थ्यांनी माझ्यासाठी वाचनाचे वार लावले. सायंकाळी एकेक जण येई आणि तासभर वाचून दाखवी. सोमवारचा मुलगा स्वल्पविरामांपाशी थांबत नसे. बुधवारची मुलगी, जिने त्या दिवशी पुस्तक काढून घेतले होते ती, वाचता वाचता लेखकाशी भांडत असे. माझी समजूत होती की वाचन ही एकांतात करावयाची गोष्ट आहे. चाळीस वर्षे मी तशीच वाचीत आले. दुसऱ्याच्या आवाजात पुस्तक ऐकताना त्याच पुस्तकात मला कितीतरी गोष्टी नव्याने भेटल्या. काकू दाराशी खुर्ची टाकून ऐकत बसत, आणि कधी मध्येच 'हे काही खरं नाही' असा शेरा देत. बहुतेक वेळा तो बरोबर असे.

माझा डोळा आहे तसाच आहे. ओळी वाकड्याच दिसतात. काही संध्याकाळी दार लावून घ्यावेसे अजूनही वाटते, आणि कधी मी ते लावूनही घेते. जबलपूर सोडून आता काही महिने झाले. निघताना पुस्तकांची एक पेटी मी त्या वर्गासाठी ठेवून आले. त्यात ती सकारात्मक विचारांची तीन पुस्तकेही होती, ती कोणी उचलली की नाही ते ठाऊक नाही. येथे शेजारच्या जिन्यावरच्या मुलीला मी परवा विचारले, आठवड्यातून एक दिवस माझ्यासाठी वाचशील का. विचारण्याआधी तिच्या दाराशी मी बराच वेळ उभी होते. ती म्हणाली, शनिवारी येईन. सहा वार अजून रिकामे आहेत.